हाकेच्या आधी ओ

मला एक सांगा. घड्याळ एक म्हणतंय आणि समोरचा माणूस दुसरंच म्हणतोय, तर तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल? लगेच उत्तर देऊ नका, आधी चहा घ्या. मी नवापूरचा दुकानदार, पोल्ट्रीचं सामान विकतो. या एका प्रश्नावरून माझ्या दुकानाच्या माडीवर इतके किस्से साठलेत, की गोडाऊनमध्ये खाद्याच्या पोत्यांना एक वेळ जागा मिळेल, पण यांना मिळत नाही. एक ओढून काढला की मागचे दोन घरंगळत येतात!

माडीवर काय चालतं ते आधी सांगतो. मी सुरुवात केली ती कोंबड्यांची पाण्याची भांडी विकून. पुढे शेड सुधारले. पंखे, फवारे, पडदे सगळं चालवायला कॉम्प्युटरचा छोटा डबा आला. डबे बाहेरून यायचे आणि बिघडले की दुरुस्तीला नवापूरला कोणी यायचं नाही. मग मीच उघडायला लागलो. शाळेत जे शिकलो नाही ते जळालेल्या डब्यांनी शिकवलं. आता आम्ही स्वतःचेच डबे बनवतो, आत लिनक्स चालतं, आणि ते सांभाळायला वर दोन इंजिनिअर आहेत. एक प्रमिला, इथल्याच डोंगराकडच्या गावची, पुण्याला नोकरी करून परत आलेली. दुसरा हेमंत पाटील, शहाद्याकडचा, तापीकाठची बागायत सोडून आलेला. त्याच्या वडिलांना अजून वाटतं की पोरगा पंखे दुरुस्त करतो. खरं सांगायचं तर ते फार चुकत नाहीत.

गिऱ्हाईक विचारतं, वर ही दोघं करतात काय? मी सांगतो, "कॉम्प्युटरच्या आत एक मुकादम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कोणी कधी काम करायचं ते तो ठरवतो. आमचं एक टूल त्याच्या पाठीमागे गपचूप बसतं आणि लिहीत राहतं, अमुक वाजता हे झालं, तमुक वाजता ते झालं. त्याला ट्रेसिंग म्हणायचं. आता त्या 'अमुक वाजता'मध्येच घोळ असला, तर तो ही दोघं निस्तरतात."

हे प्रमिलाने एकदा जिन्यावरून ऐकलं. म्हणाली, "शेठ, एवढं सोपं असतं तर तुम्ही मला पगार दिला असता का?"

"नसता दिला," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

*

आता मुद्द्याचा माणूस. शिमोनदादा. जिग्नेशभाईंच्या पोल्ट्रीवर कामाला, शेडच्या कडेलाच खोली, बायको-मुलांसह तिथेच राहणं. उन्हाळ्यातल्या एका दुपारी शेडचे पंखे बंद पडले. ब्रॉयलर कोंबडीला त्या उन्हात पंखा म्हणजे श्वास. पंखे पुन्हा फिरेपर्यंत बरेच पक्षी गेले.

जिग्नेशभाईंनी माझ्या डब्यातली नोंद काढली. वरची ओळ, 'हाताने स्विच बंद'. खालची ओळ, 'पंखे बंद'. म्हणजे शिमोनदादांनी स्विच बंद केला आणि त्यामुळे पंखे थांबले!

शिमोनदादा म्हणाले, "मालक, पंखे आपोआप थांबले. आवाज थांबला म्हणून मी पळत आलो. स्विच बंद करून परत चालू केला, तरी फिरायला बराच वेळ लागला."

"मशीन खोटुं ना बोले!" जिग्नेशभाई ओरडले. तेही चारचौघांत, म्हणजे शेडवर धावून आलेल्या अख्ख्या पाड्यासमोर. "शिमोनभाई, महिनाअखेर खोली खाली करा."

संध्याकाळी मला फोन. "शेठ, तुमच्या मशीनने चोर पकडला!"

माझ्या मालाची कोणी तारीफ केली की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही. शिमोनदादांना मी ओळखत होतो. पंख्याचा आवाज जरा बदलला तरी जेवणाच्या ताटावरून उठणारा माणूस. मी म्हणालो, "महिनाअखेरपर्यंत थांबा. मशीन माझं आहे, त्याची उलटतपासणी मी करतो."

"मशीननी उलटतपासणी? शेठ, वकील झाला काय?"

*

पहिला संशय डब्याच्या घड्याळावरच. कारण तो धडा आम्ही धडगावला शिकलो होतो.

तिकडे वर घाटात एका ओळखीच्या माणसाच्या शेडवर आमचा डबा बसवलेला. आतला बटणाएवढा सेल मेला, नेटवर्कची बोंब, मग डबा वेळ विचारणार कोणाला? असा डबा बंद होऊन चालू झाला की त्याला वाटतं, आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. कॉम्प्युटरची कालगणना तिथून सुरू होते. मी जीपने घाट चढून गेलो, पडद्यावर सत्तर साल पाहिलं आणि ओशाळलो. म्हटलं, "माफ करा हो, लगेच नीट करून देतो."

तो मालक शांतपणे म्हणाला, "असू द्या शेठ. घाट चढून इथे सगळंच उशिरा येतं. सालही येईल."

शिमोनदादांच्या डब्यातला सेल मात्र ठणठणीत निघाला. तो संशय गेला.

*

मग हेमंतला वाटलं, टाइमझोनचा घोळ असेल. कर्नेलमधली वेळ ग्रीनिचच्या हिशोबाने चालते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एका नोंदीला ती वेळ लागली आणि दुसरीला आपली, तर क्रम उलटायचाच. त्याने तपासलं, तसं नव्हतं. पण त्या तपासणीतून त्याला एक वेगळीच युक्ती सुचली!

दुसऱ्या दिवशी स्वारी अकराला उगवली. मी घड्याळाकडे बोट केलं.

"शेठ, कर्नेलच्या वेळेने मी सकाळी साडेपाचलाच हजर आहे," हेमंत म्हणाला. "उलट तुम्हीच उशिरा आलात."

एक वाजता त्याने जेवणाचा डबा उघडायला घेतला, तसा मी तो उचलून माझ्या गल्ल्यामागे ठेवला. "कर्नेलचा एक वाजायला अजून वेळ आहे भाऊ. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की मिळेल."

तेव्हापासून हेमंत भारतात राहतो.

*

तिसरा किस्सा खांडबाऱ्याच्या गिऱ्हाइकाचा. तपासणीसाठी आम्ही एक डबा काउंटरवरच मांडला होता. डबा अधूनमधून इंटरनेटवरून बरोबर वेळ विचारतो, आणि आपण पुढे गेलो असं कळलं की काटा मागे घेतो. मोजणी चालू असतानाच काटा मागे गेला, तर उत्तर उणे येतं. आलंच! पडद्यावर झळकलं, 'बटण दाबल्यापासून पंखा सुरू : उणे दोन सेकंद'.

खांडबाऱ्याचा माणूस पडद्याकडे बघतच राहिला. "म्हणजे बटण दाबायच्या आधीच पंखा सुरू?"

मी नुसता हसलो. हसण्यात काय खोटं आहे?

"शेठ, मला हेच मॉडेल द्या!"

मी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. इतक्यात प्रमिला जिना उतरून आली. "काका, ते मॉडेल नाही. ती आमची चूक आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग चूक असलेलंच द्या ना!"

प्रमिलाने मला नंतर समजावलं, की भिंतीवरचं घड्याळ मागेपुढे करता येतं, म्हणून ट्रेसिंगला कधीच मागे न जाणारं दुसरं घड्याळ वापरायचं असतं. शिमोनदादांच्या डब्यात तेच होतं. म्हणजे हाही संशय गेला. आणि गिऱ्हाईकही गेलं.

*

गोडाऊन सांभाळायला आमचे दिनकरकाका आहेत. फाटकावर गाड्यांची नोंद तेच करतात. एक दिवस प्रमिला त्यांच्याजवळ उभी राहून बघत होती. काका पेन उचलताना एकदाच घड्याळ बघत. एका गाडीचं लिहीत असताना मागून आणखी दोन-तीन आत शिरल्या, की त्यांनाही तीच वेळ टाकून मोकळे!

प्रमिलाने कपाळावर हात मारला. "काका, आमचं टूल अगदी हेच करतंय! एक नोंद लिहिताना मध्येच दुसरं तातडीचं काम आलं, की त्यालाही पहिल्याचीच वेळ. काका, तुम्ही म्हणजे अगदी रिंग बफर आहात!"

काका ताडकन उठले. "पोरी, सकायमा शिवी दी ऱ्हायनी का माले?"

"शिवी नाही हो काका. नोंदी ज्यात साठवतात त्याचं नाव आहे ते."

"मंग गाड्या एकदमच उन्यात, तर मी काय करू?"

तिने टूल दुरुस्त केलं आणि काकांनाही. समोर मोठं घड्याळ टांगलं. "प्रत्येक गाडीला वर बघायचं आणि मगच लिहायचं."

दुसऱ्या दिवशी मी पान बघितलं. प्रत्येक गाडीची वेळ वेगळी, सेकंदासकट! गाड्यांचा नंबर मात्र सगळ्यांचा एकच. काकांची मान घड्याळाकडून खाली आलीच नव्हती.

*

हसत होतो खरे, पण महिना सरत आला होता. काकांच्या कृपेने सापडलेली चूक दुरुस्त झाली, तरी शिमोनदादांच्या नोंदीतल्या दोन ओळी जागच्या हलल्या नाहीत. आधी स्विच, मग पंखे. जसंच्या तसं.

एका सकाळी शिमोनदादा स्वतःच दुकानात आले. निकालाचं काही विचारलं नाही. म्हणाले, "शेठ, रिकामी खोकी असतील तर द्या."

"कशाला हो?"

"सामान बांधायला."

मग हेमंत पुढे झाला. "दादा, खोकी संपलीत."

त्याच्या पाठीमागे खोक्यांची थप्पी छताला टेकली होती. शिमोनदादांनी थप्पीकडे पाहिलं, हेमंतकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि गेले.

*

त्या दिवशी माडीवर कोणी मस्करी केली नाही. प्रमिला नोंद पहिल्यापासून वाचत बसली. दुपारी तिने जिन्यातून खाली हाक मारली, "शेठ, वर या. हेमंत, तूही ये."

तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. डब्याच्या चिपमध्ये चार गडी कामाला असतात, आणि प्रत्येकाच्या हातात आपलं आपलं घड्याळ. आमचं टूल चौघांच्या नोंदी घेतं, वेळेप्रमाणे लावतं आणि एक यादी करतं. पण चौघांची घड्याळं जुळतात का, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. चांगल्या चिपमध्ये जुळतात. या चिपमध्ये गडी डुलकी घेतो तेव्हा त्याचं घड्याळही थांबतं. दुपारी काम कमी, डुलक्या जास्त, मागे पडणं साठत जातं.

"पण ही स्वस्तातली चिप आणली कोणी?" हेमंतने विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"घड्याळ मागे आहे हे ओळखायचं कसं?" मी विषय बदलला.

"हाकेवरून," प्रमिला म्हणाली. "एक गडी दुसऱ्याला उठवतो ती हाक. दुसरा उठतो ती ओ. हाक मारल्याशिवाय कोणी ओ देतं का? आता हे बघा, त्या दुपारची नोंद. ओ आधी, हाक नंतर. पुन्हा ओ आधी, हाक नंतर. आणि उशिराने चालणारं घड्याळ नेमकं स्विचची नोंद करणाऱ्या गड्याचं!"

हेमंत वाचत गेला आणि म्हणाला, "हाक मारायच्या आधीच धावत येणारा गडी? आमना गावमा असा एक बी नही शे!"

*

मला वाटलं, झालं. लावला मी जिग्नेशभाईंना फोन. हेमंतने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"थांबा शेठ. प्रमिला, राग मानू नको. तू आणि शिमोनदादा रविवारी एकाच प्रार्थनेला बसता. तू आपल्या माणसासाठी घड्याळ सरकवलंस, असं जिग्नेशभाई म्हणतील. त्यांच्या जागी मी असतो तर मीही म्हटलं असतं."

प्रमिलाचं तोंड लाल झालं. तिने खुर्ची सोडली आणि कीबोर्ड हेमंतकडे सरकवला. म्हणाली, "बरोबर बोललास. मग हिशोब तू कर. आणि त्या दोन ओळी न बघता कर."

इथे मात्र माझा धंदा कामाला आला. स्विच आणि पंख्यांच्या ओळी नोंदीतून काढून एका पेन ड्राइव्हमध्ये टाकल्या, आणि पेन ड्राइव्ह माझ्या गल्ल्यात, कुलपात. हेमंतपुढे फक्त हाका आणि ओ. इकडून तिकडे मारलेल्या हाकांवरून कळतं की घड्याळ कमीत कमी किती मागे असलंच पाहिजे. तिकडून इकडे मारलेल्या हाकांवरून कळतं की जास्तीत जास्त किती मागे असू शकेल. दोन्हीकडून आवळत आवळत त्याने आकडा काढला. तो आधी जिग्नेशभाईंना फोनवर सांगून टाकला. मग म्हटलं, "आता या, आणि कुलूप तुम्हीच उघडा."

जिग्नेशभाई आले. त्यांनीच गल्ला उघडला. प्रमिला हात मागे बांधून भिंतीला उभी. हेमंतने दोन ओळी परत टाकल्या आणि आधीच सांगितलेला आकडा लावला. 'स्विच बंद' खाली घसरली. 'पंखे बंद' वर राहिली.

"फरी करो," जिग्नेशभाई म्हणाले.

फिरून केलं. तेच.

"फरी करो."

तेच!

मग मेकॅनिक बोलावला. पंख्यांचा स्टार्टर तापून आपोआप बंद पडत होता. गुन्हेगार सापडला म्हटल्यावर तोवर कोणी स्टार्टर उघडूनच पाहिला नव्हता.

जिग्नेशभाई माझ्यावर उखडले, "शेठ, एटले तमारुं मशीन खोटं बोललं ना?"

"चारही गडी आपापल्या घड्याळाने खरंच बोलत होते," मी म्हणालो. "चूक ती यादी लावण्यात, आणि ती माझी." सगळ्या गिऱ्हाइकांच्या डब्यांत सुधारलेलं सॉफ्टवेअर मी फुकट टाकून दिलं. 'फुकट' हा शब्द लिहिताना हात अजून अडखळतो.

*

राहिला शेवटचा किस्सा. जिग्नेशभाई शिमोनदादांना म्हणाले, "खोली तुमची, काम तुमचं. झालं गेलं विसरा."

शिमोनदादांनी हात जोडले. "कामावर येतो मालक. पण चारचौघांत बोललात ते चारचौघांत फिरवा. रविवारी प्रार्थना झाली की सगळे अंगणात असतात."

झालं! लाखाचा माल तोंडी सौद्यावर उचलणारा माणूस, पण एकटा जायला तयार होईना. "शेठ, तमे साथे आवो." मग मी गेलो, प्रमिला तर तिथलीच. गाडीत जिग्नेशभाई सगळा वेळ पुटपुटत होते, आधी पंखे बंद पडले, शिमोनभाई नंतर आले, चूक माझी होती.

पत्र्याच्या छपराखाली प्रार्थना संपली. माणसं अंगणात आली, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळा पाडा. एक गोष्ट आम्हाला माहीत नव्हती आणि प्रमिलाने सांगितली नव्हती. तिथे गाण्याची पुस्तकं थोडी, माणसं फार. म्हणून पुढे उभा राहणारा एक ओळ सांगतो आणि मागचे सगळे ती म्हणतात. वर्षानुवर्षांची सवय.

जिग्नेशभाई पुढे उभे राहिले. घसा खाकरला. घाबरल्यावर त्यांना गुजरातीच येतं.

"पंखा पहेलां बंध थया."

"पंखा पहेलां बंध थया!" सगळं अंगण एका सुरात.

जिग्नेशभाई दोन पावलं मागे सरकले. माझ्याकडे पाहिलं. मी प्रमिलाकडे पाहिलं. तिने ओढणी तोंडात कोंबली होती.

"शिमोनभाई पछी आव्या."

"शिमोनभाई पछी आव्या!" म्हाताऱ्यांनी तर ताल धरला.

आता शेवटचं, आणि सगळ्यात अवघड. जिग्नेशभाईंनी मान खाली घातली. "भूल मारी हती."

"भूल मारी हती!" अख्खा पाडा म्हणाला.

"शेठ," जिग्नेशभाई माझ्या कानाशी आले, "आ तो बधा पोतानी भूल माने छे! सगळेच आपापली चूक कबूल करतायत!"

शिमोनदादा हसले. मग ते माझ्याकडे वळले. "शेठ, डबा तुमचा होता. एक ओळ तुमचीही होऊन जाऊ द्या."

दिवसभर काउंटरवर बडबडणारा मी, पण पुढे ढकलल्यावर डोक्यातलं सगळं पळालं. एवढी माणसं तोंडाकडे बघत उभी. जे ओठांवर आलं ते बोलून गेलो,

"बाबांनो, हिशोब खरा ठेवा!"

आणि सगळा पाडा, माझ्या डोळ्यांत डोळे घालून, खणखणीत आवाजात,

"बाबांनो, हिशोब खरा ठेवा!"